तार बसवलेली असताना गाइड कशाला?

तुम्ही विचारले आहे की, कडा चढण्याचा अनुभव शून्य पण साहसाची हौस दांडगी असेल, तर इटलीतल्या डोलोमाइट पर्वतात गाइड घेऊन व्हिआ फेराटा, म्हणजे पोलादी तार आणि शिड्या बसवलेल्या कड्यावरची चढाई, करावी का, हातांत ताकद किती लागते, आणि तार व शिड्या आधीच बसवलेल्या असताना गाइडचे पैसे वसूल होतात का. पहिल्या प्रश्नाचे उत्तर 'अवश्य करा' एवढेच आहे. दुसऱ्याकडे शेवटी येतो. तिसऱ्या प्रश्नावरून मात्र आमच्या घरात सहा वर्षे वाद चालू आहे आणि तुम्ही जवळजवळ माझ्या थोरल्या भावाचेच शब्द वापरले आहेत, म्हणून हे उत्तर लांबणार.

दादाचे म्हणणे असे, की कड्यावर पायथ्यापासून माथ्यापर्यंत पोलादी तार आहे, आपल्या कमरेला हार्नेस, म्हणजे सुरक्षेचा पट्टा आहे, त्यापासून निघणाऱ्या लॅनयार्ड नावाच्या जोडदोरीच्या दोन टोकांना दोन कॅराबिनर, म्हणजे उघडमिट होणारे धातूचे आकडे आहेत. ते तारेत अडकवायचे आणि चालू लागायचे, यात शिकवण्यासारखे आहे काय? या म्हणण्याला तो इतिहासाचीही जोड देतो: पहिल्या महायुद्धात, १९१५ ते १९१७ या काळात, इटालियन आणि ऑस्ट्रियन सैनिक याच कड्यांवर दोर आणि शिड्या ठोकून पाठीवर बंदुका घेऊन चढत होते, त्यांनी कुठे गाइड घेतला होता?

आम्ही दोघे भाऊ आणि वहिनी असे तिघे गेलो होतो. वहिनी खालच्या पायवाटेवर थांबून मोठ्या लेन्सने फोटो काढणार होत्या. गाइड पन्नाशीचा, मितभाषी माणूस होता. पायथ्यापर्यंतच्या तासाभराच्या घसरड्या वाटेवर तो आमच्या मागून चालला आणि तिथे पोचल्यावर त्याने दादाने आधीपासून ठरवलेला मार्ग रद्द करून शेजारचा सोपा मार्ग घेतला. दादा तेव्हाच बिनसला. त्याने मार्गांच्या कठीणपणाच्या श्रेणी वगैरे सगळे वाचले होते, पण श्रेणींचा घोळ असा आहे की इटालियन पद्धतीत एफ म्हणजे सर्वांत सोपा मार्ग, आणि ऑस्ट्रियात रूढ असलेल्या ए ते एफ पद्धतीत एफ म्हणजे सर्वांत कठीण. केवळ अक्षर वाचून मार्ग निवडणाऱ्याने निदान ते कोणत्या पद्धतीतले आहे एवढे तरी पाहावे.

पहिला अर्धा तास मला फार मजा आली. तार ठरावीक अंतराने खुंट्यांनी कड्याला जखडलेली असते. प्रत्येक खुंटीपाशी एक कॅराबिनर काढून पलीकडच्या तारेत अडकवायचा, तो बसल्याचा 'टक्' असा आवाज ऐकायचा, आणि मगच दुसरा काढायचा. म्हणजे कोणत्याही क्षणी निदान एक तरी तारेत असतोच. हे पाच मिनिटांत समजते. पुढे एका जवळजवळ सरळ उभ्या भागात लोखंडी पायऱ्यांची ओळ संपली आणि पायांना फक्त खडकाच्या बोटभर कडा उरल्या, तेव्हा मी पायांवरचा विश्वास सोडून तारेला लोंबकळू लागलो. दोन खुंट्या कशाबशा पार केल्या. तिसऱ्या खुंटीपाशी कॅराबिनर उघडायला गेलो, तर पंजा मिटेना. हे कॅराबिनर तळव्याने मागची पट्टी दाबल्याशिवाय उघडत नाहीत, आणि माझ्या हातात ती पट्टी दाबण्याइतकाही जोर उरला नव्हता. उजवा पाय शिवणयंत्रासारखा थडथडत होता. हातमोज्याच्या कापलेल्या टोकांतून बाहेर आलेली माझी बोटे पांढरी पडलेली मला दिसत होती, पण ती माझी वाटत नव्हती.

दादा माझ्या मागे होता. दोन खुंट्यांमधल्या तारेवर एका वेळी एकच माणूस असला पाहिजे, हा नियम गाइडने सकाळी दोनदा सांगितला होता, कारण वरचा पडला तर तो घसरत थेट खालच्यावर येतो. दादा तरीही माझ्या टाचांपर्यंत चढून आला आणि म्हणाला, "अरे, किती वेळ?" मग त्याने आपले दोन्ही कॅराबिनर काढले, उजवीकडच्या खडकाला धरून मला वळसा घातला आणि माझ्या डोक्यावरची तार गाठली. फार तर दहा सेकंद लागले असतील. तेवढा वेळ माझा भाऊ कशालाही बांधलेला नव्हता.

गाइड वरून पाहत होता. तो ओरडला नाही. अगदी सपाट आवाजात "क्लिप" एवढेच म्हणाला, आणि दादाचे दोन्ही कॅराबिनर बसल्यावर स्वतः खाली उतरून त्याने मला एका आखूड दोराने स्वतःला बांधून घेतले. त्या वेळी तो मला माझा अपमान वाटला होता. आता वाटत नाही.

वरच्या सपाट जागेवर बसल्यावर त्याने लॅनयार्डला जोडलेली कापडी पिशवी उघडून दाखवली. तिच्यात घडी घालून शिवलेली पट्टी असते. माणूस पडला की तिची शिवण उसवत जाते आणि त्या उसवण्यात धक्का जिरतो. मग त्याने जो हिशेब सांगितला, तो मी तेव्हापासून प्रत्येक उत्साही नवशिक्याला सांगतो. नेहमीच्या दोराच्या प्रस्तरारोहणात माणूस मोकळ्या दोराच्या लांबीच्या फार तर दुप्पट अंतर पडतो. व्हिआ फेराटामध्ये कॅराबिनर तारेवरून घसरत खालच्या खुंटीवर जाऊन आदळतो, त्यामुळे खुंट्यांमध्ये चार मीटर अंतर असेल, तर एक मीटरच्या लॅनयार्डवर तुम्ही पाच मीटर किंवा त्याहूनही जास्त पडू शकता. पट्टी जीव वाचवते, पण वाटेतल्या लोखंडी पायऱ्या आणि खडकाचे कोपरे हाडे मोडतात. शिवाय एकदा उसवलेला लॅनयार्डचा संच पुन्हा वापरायचा नसतो. तेव्हा 'तार आहेच, पडलो तरी काय' असे म्हणणाऱ्याला तारेचे काम कळलेले नाही असे मी ठामपणे म्हणतो.

दुपारी डोलोमाइटवर ढग जमू लागले आणि गाइडने वाटेतली एक खाण्याची विश्रांती गाळून आम्हाला घाईने उतरवले. आम्ही पायवाटेला लागल्यावर वीस मिनिटांतच वीज चमकू लागली. डोंगराला गुंडाळलेल्या शेकडो मीटर पोलादाला धरून त्या वेळी उभे राहणे म्हणजे काय, याची कल्पना तुम्हीच करा. यावरही दादाचे म्हणणे असे की, "त्याला घरी जायची घाई होती."

सैनिकांबद्दलही एकदाचे लिहून टाकतो. त्या युद्धात ऑस्ट्रियाच्या बाजूने लढलेला सेप इनरकॉफ्लर हा डोलोमाइटमधल्या सेक्स्टेन गावचा नावाजलेला व्यावसायिक पर्वतमार्गदर्शक होता. ४ जुलै १९१५ रोजी पातेर्नो शिखर घेण्याच्या प्रयत्नात तो मारला गेला, आणि त्या डोंगरावरच्या आजच्या व्हिआ फेराटाच्या नावात त्याचे नाव आहे. म्हणजे सैनिकांबरोबरही गाइड होते, फक्त ते गणवेशात होते.

आता एक गोष्ट मी घरात कधी बोललो नाही, ती इथे अनोळखी माणसाला सांगणे सोपे जाते. दादाने "किती वेळ?" विचारल्यावर मी वैतागून म्हणालो होतो, "जा मग पुढे." तो माझ्या शब्दावर गेला. त्यामुळे त्याने काही चुकीचे केले असे मी म्हणतो, तेव्हा माझी चूक वगळून म्हणतो, आणि बहुधा म्हणूनच हा वाद सहा वर्षे मिटलेला नाही. पण नेमके याचसाठी तिथे तिसरा माणूस लागतो. दोन भाऊ एकमेकांवर चिडलेले असताना, एकाचे हात गळालेले असताना आणि दुसऱ्याला घाई झालेली असताना, ज्याला या दोघांशी काहीही देणेघेणे नाही असा माणूस वरून "क्लिप" म्हणाला.

हातांच्या ताकदीबद्दल थोडक्यात: सोप्या मार्गावर पायांनी चढा, हात शक्यतो सरळ ठेवा, आणि थकण्याआधीच खुंटीपाशी विश्रांतीच्या आखूड पट्टीने स्वतःला अडकवून उभे राहा, मी यातले काहीही केले नव्हते. सध्याच्या युरोपीय मानकाप्रमाणे लॅनयार्डचे हे संच ४० ते १२० किलो वजनाच्या माणसांसाठी असतात, त्यामुळे किडकिडीत मुलांना त्यावर एकटे सोडू नका, त्यांना गाइडचा दोर हवाच. गाइडकडे आंतरराष्ट्रीय पर्वतमार्गदर्शक महासंघाचा बिल्ला आहे का, हे विचारायला लाजू नका. आणि हे सगळे एका हौशी माणसाचे मत आहे, मी आजवर अवघे चार मार्ग केलेले आहेत. तुमचा दोराचा आणि कड्याचा सराव पक्का असता तर मी गाइडचा आग्रह धरला नसता. दादाचा तसा सराव नव्हता, तुमचाही नाही असे तुम्ही स्वतःच लिहिले आहे.

वहिनींनी खालून काढलेला दादाचा फोटो त्याच्या दिवाणखान्यात मोठा करून लावलेला आहे आणि येणारा प्रत्येक पाहुणा त्याचे कौतुक करतो. फोटो खरोखरच सुंदर आहे. उजव्या मांडीजवळ नीट पाहिले, तर दोन्ही कॅराबिनर हवेत लोंबताना दिसतात.