जर्सीवरची नक्षी आणि तिचा सख्खा भाऊ नकाशा

प्रश्न असा आला आहे : ‘ऑस्ट्रेलियाच्या क्रिकेट संघाच्या जर्सीवर आदिवासी नक्षी’ असं एका बातमीत वाचलं. इथे ‘आदिवासी’ म्हणावं की ‘मूलनिवासी’?

आधी हे उरकतो. ‘आदिवासी’ चालेल. हॉकीत १९२८ च्या ऑलिंपिकमध्ये भारताचे कर्णधार असलेले जयपालसिंग मुंडा संविधान सभेत याच शब्दासाठी भांडले होते. ‘वनजाती’ हा पर्याय त्यांना अपमानकारक वाटत होता. ‘मूलनिवासी’ला आपल्याकडे वेगळा राजकीय अर्थ चिकटलेला आहे, म्हणून मी तो परदेशी समूहांसाठी वापरत नाही. सर्वांत चांगलं म्हणजे समूहाचं नावच लिहावं. डिसेंबर २०२० मध्ये भारताविरुद्धच्या टी-२० मालिकेत ऑस्ट्रेलियाने घातलेली जर्सी फिओना क्लार्क आणि कोर्टनी हेगन या दोघींनी रेखली. क्लार्क या व्हिक्टोरियातल्या किराय वुरुंग समूहाच्या. एवढं लिहिलं की ‘आदिवासी’ची गरजही उरत नाही.

मला खरा राग येतो तो दुसऱ्या शब्दाच्या, ‘नक्षी’च्या, वापराचा. समालोचक आणि बातमीदार ‘ठिपक्यांची सुंदर नक्षी’ म्हणतात आणि पुढे जातात, जणू साडीच्या काठाबद्दलच बोलत आहेत. पहिली चूक ठिपक्यांची. ठिपक्यांची जी चित्रं जगभर गाजली ती मध्य ऑस्ट्रेलियातल्या वाळवंटी समूहांची. वाळूवर आणि अंगावर काढल्या जाणाऱ्या आकृत्या १९७१ पासून पापुन्या वस्तीतल्या ज्येष्ठांनी फळ्यांवर रंगवायला घेतल्या आणि तिथून ती शैली पसरली. तीच साऱ्या खंडाची कला, हा समज चुकीचा आहे. दुसरी चूक अर्थाची. नक्षी म्हणजे निव्वळ सजावट, तिला अर्थ नसतो, असं आता भाषेचे जाणकार म्हणवणारेही ठासून सांगतात. त्यांनी ‘नक्षी’चं घराणं पाहिलेलंच नाही.

हे घराणं अरबी ‘नक्श’चं. नक्श म्हणजे कोरणं, ठसा उमटवणं, रंगवणं. फारसीतून तो आपल्याकडे आला आणि त्याची दोन भावंडं झाली : नक्षी आणि नकाशा! एक गेली सोनाराच्या, सुताराच्या हाती, दुसरा तलाठ्याच्या दप्तरात. आपण त्यांचं नातं विसरलो. काही मंडळी ‘क्ष’ पाहून नक्षीला नक्षत्राशी जोडतात. ते साफ चूक आहे. परक्या शब्दांतल्या अशा जोडाक्षराला मराठी ‘क्ष’चं रूप देते : बख्शिशचं बक्षीस झालं, रिक्शाची रिक्षा झाली, तशीच नक्शची नक्षी. उर्दूत ‘नक्श-ए-कदम’ म्हणजे पाऊलखुणा.

आता वाळवंटातली ती चित्रं पाहा. एकात एक वर्तुळं म्हणजे पाणवठा किंवा मुक्काम, त्यांना जोडणाऱ्या रेघा म्हणजे पूर्वजांची वाट, मधूनच प्राण्यांच्या पाऊलखुणा. नक्षी, नकाशा आणि नक्श-ए-कदम तिन्ही एकाच चौकटीत! क्लार्क यांच्या आग्नेय प्रदेशात तर मूळ अर्थ, कोरणं, शब्दशः लागू पडतो. तिथले लोक पॉसम या झाडांवर राहणाऱ्या छोट्या प्राण्याची कातडी शिवून झगे करत आणि कातडीच्या आतल्या बाजूवर आपल्या समूहाच्या रेखाकृती कोरत. व्हिक्टोरियातल्या लेक कोंडा इथला १८७२ चा असा झगा मेलबर्नच्या संग्रहालयात आहे. अंगावरच्या वस्त्रावर आपल्या माणसांची खूण वागवायची ही रीत तिथे जर्सीच्या कितीतरी आधीची आहे.

या घराण्यातलं तिसरं भावंड म्हणजे ‘नक्षा’. ‘त्याचा नक्षा उतरवला’ यातला. ठसा आणि ताठा यांचा संबंध काय? माझं मत असं की तो नाण्यावरून आणि मोहरेवरून आला. ज्याच्या नावाचा नक्श उठतो त्याची सत्ता. म्हणून नक्षा म्हणजे रुबाब, आणि पुढे वाईट अर्थाने तोरा. उर्दूत ‘नक्श बैठना’ म्हणजे वजन प्रस्थापित होणं, हे मी पुरावा म्हणून पुढे करतो. ‘नक्षा म्हणजे नुसता आखीव थाट’ हे स्पष्टीकरण मला पटत नाही; थाट मोडतो, उतरत नाही. ठसा मात्र उतरवता येतो.

आणि या जर्सीमागे ठसा कुणाचा आहे? १८६८ मध्ये इंग्लंडला गेलेल्या अ‍ॅबोरिजिनल, म्हणजे तिथल्या आदिवासींच्या, संघाचा. परदेश दौऱ्यावर गेलेला ऑस्ट्रेलियाचा हा पहिला क्रिकेट संघ. ४७ सामने, त्यांत १४ विजय. त्यातल्या मस्किटो या खेळाडूच्या क्लार्क या वंशज. उनारिमिन, म्हणजे जॉनी मुलाघ, हा त्या संघाचा सर्वांत मोठा खेळाडू : १६९८ धावा आणि २४५ बळी. २०२० पासून मेलबर्नच्या बॉक्सिंग डे कसोटीत सर्वोत्तम खेळाडूला मुलाघ पदक मिळतं. त्याचा आकार १८६८ च्या संघाच्या पट्ट्याच्या बक्कलवरून घेतला आहे, आणि पहिलं पदक आपल्या संगमनेरच्या अजिंक्य रहाणेला मिळालं. अ‍ॅडलेडला ३६ धावांत गारद झालेल्या संघाने दहा दिवसांत मेलबर्नला यजमानांचा नक्षा उतरवला, तो त्याच्या ११२ धावांच्या बळावर.

शुद्धिवादी इथे ‘आकृतिबंध’ सुचवतात. तो मला मुळीच चालत नाही. आकृतिबंधात ना कोरणं आहे, ना वाट, ना ठसा. फारसी म्हणून ‘नक्षी’ टाकायची, तर ‘नकाशा’ही टाकावा लागेल, आणि गावाच्या हद्दी कशावर दाखवणार? जर्सीच्या बातमीत ‘नक्षी’ खुशाल लिहा; फक्त ती रेखणारीचं नाव, तिच्या समूहाचं नाव आणि त्या चित्रातल्या पाऊलखुणा कुणाच्या, हे त्याच वाक्यात येऊ द्या.