टॅनफोरानच्या फलकापाशी

प्रिय पोरी,

फिरतं प्रदर्शन तुमच्या वाचनालयात येतंय आणि तू स्वयंसेवक म्हणून नाव दिलंस, छान केलंस. १९४२ मध्ये अमेरिकेने जपानी वंशाच्या सुमारे १,२०,००० माणसांना छावण्यांत डांबलं. त्यांतले दोनतृतीयांश जन्माने अमेरिकन नागरिक. हे फलकावर असेलच, वाचून दाखवत बसू नकोस.

सुरुवात कॅलिफोर्नियातल्या सॅन ब्रुनोपासून कर. तुमच्याकडच्या कितीतरी जणांनी टॅनफोरान मॉलमध्ये खरेदी केलेली असते. तिथे तेव्हा घोड्यांच्या शर्यतींचं मैदान होतं. तबेल्यांत आणि घाईने उभारलेल्या बराकींत जवळपास ८,००० जणांना काही महिने ठेवलं, मग बहुतेकांची रवानगी युटातल्या टोपाझ छावणीत. छायाचित्रकार डोरोथिया लँगने टॅनफोरानला फोटो काढले. तिला सरकारनेच नेमलं होतं, आणि लष्कराने तेच फोटो युद्धभर दाबून ठेवले!

"पर्ल हार्बरनंतर सरकारने दुसरं काय करायचं?" असं कुणीतरी म्हणेलच. वाद घालू नकोस, हवाईबद्दल सांग. हल्ला तिथेच झाला, तिथल्या लोकसंख्येत तिसरा हिस्सा जपानी वंशाचा, तरी सरसकट उचलबांगडी झाली नाही. ती माणसं काढली असती तर बेटांवरची कामंच ठप्प झाली असती. एवढं सांगून थांब, पुढचं त्यांना सुचू दे.

हिटलरच्या छावण्यांशी तुलना निघेल. तिथे माणसं मारायला नेत होते, इथे तसं नव्हतं. हे स्वच्छ सांग.

शाळेची मुलं आली की "एका बॅगेत काय न्याल?" हा खेळ घेतात. मला तो अजिबात आवडत नाही, सहल निघाल्यासारखं होतं. त्यापेक्षा भिंतीवर लावलेला लष्करी हुकूमच वाचायला लाव: अंथरूण-पांघरूण आणा पण गादी नको, सुऱ्या-काटे-चमचे आणा, पाळीव प्राणी एकही चालणार नाही.

वयस्कर जपानी कुटुंबं येतील. खुर्ची दे, आठवणी विचारू नकोस. सांगायचं तर ती आपणहून सांगतील.

आणि आपली मंडळी! "यात आपला काय संबंध?" म्हणतील. त्यांना भगतसिंग थिंदचं नाव सांग. जपानी माणसाला नागरिकत्व नाकारल्यावर काही महिन्यांतच, १९२३ मध्ये, अमेरिकेच्या त्याच सर्वोच्च न्यायालयाने अमेरिकी सैन्यात राहिलेल्या या शीख माणसालाही तू गोरा नाहीस म्हणून नागरिकत्व नाकारलं. आपल्या लोकांना नागरिकत्वाचं दार १९४६ मध्ये उघडलं, जपान्यांना १९५२ मध्ये.

तुझा,
काका