करवत अडकते म्हणून लगेच नवी घेऊ नकोस

आजोबांच्या करवतीनं खानापूरच्या फणसाच्या फळ्या उभ्या चिरताना पातं निम्म्यात अडकतंय, धार आत्ताच लावून आणलीय तरी, मग नवीनच घेऊ काय असं विचारलायस. थांब की जरा.

अडकतंय म्हणजे बहुतेक धार नाही, सेटिंग गेलंय. दात एक डावीकडं एक उजवीकडं किंचित वाकवलेले असतात, म्हणून चीर पात्यापेक्षा रुंद पडते आणि पातं मोकळं चालतं. धार लावून लावून दात झिजले की हे वाकवलेलं पण निघून जातं, आणि धार लावणारे पुष्कळ जण नुसती कानस मारून देतात. करवत उलटी धरून मुठीकडून बघ, दातांच्या दोन रांगा आणि मधे बारीक नाली दिसली पाहिजे. लई पण वाकवू नको, चीर पात्याच्या दीडपट झाली की बास. फणस ओला असला तर थोडं जास्त लागतं, शिवाय चीक बसतो, रॉकेलचा बोळा फिरवत राहा आणि चिरेत मागं पाचर ठोक.

दात पण मोज. इंचात ५-६ असतील आणि छिन्नीसारखे सरळ असतील तर उभ्या चिरायची, ८-१० आणि तिरकी चाकूसारखी धार असेल तर आडव्या कापाची, हिनं उभं चिरायला गेलास तर दिवस जाईल.

मी पोरगा असताना शहापूरला एका कन्नड मिस्त्रीकडं कामाला होतो, ते करवतीला गरगसच म्हणायचे. मी हुशारी करून तिकोनी कानस घेतली आणि एकेक दात घासत सुटलो, झालं काय, काही उंच काही बुटके, करवत लाकडावर उड्या मारायली! मिस्त्री काही बोलले नाहीत, सपाट कानस दातांच्या डोक्यावरनं आडवी फिरवली, प्रत्येक टोकावर चकाकणारा ठिपका आला, आणि म्हणाले आता ठिपका जाईपर्यंतच घास, एक घास पण जास्त नको. अजून तसंच करतो.

नवीन घेणारच असशील तर दातांची टोकं निळसर काळी आहेत काय बघ, त्यांच्यावर कानस घसरते, बोथट झाली की टाकायची.

आपल्याकडच्या पावसात गंज दोन दिवसात चढतो, काम झालं की पुसून मशीनचं तेल लाव, गोणपाटात गुंडाळून ठेवू नको, ते ओल धरतं. आणि सेटिंग करून आणल्यावर चीर एका बाजूला ओढायली तर घाबरू नको, ज्या बाजूला ओढते त्या बाजूच्या दातांवरनं धारेचा दगड एकदा हलकाच फिरव, आणि परत चिरून बघ.