दातांच्या तारा आणि विम्यातला तो एक आकडा

प्रश्न : मुलगी अकरा वर्षांची आहे. पुढच्या वर्षी तारा लावाव्या लागतील, असं डॉक्टर म्हणतात. यांच्या ऑफिसात नोव्हेंबरमध्ये दातांचा विमा निवडायचा आहे. कोणता घेऊ?
– एक आई, एडिसन, न्यू जर्सी

उत्तर : ताई, हप्ता किती हे नंतर बघा. आधी पुस्तिकेत ‘ऑर्थोडॉन्शिया’ची, म्हणजे तारा लावून दात सरळ करण्याच्या उपचाराची, ओळ शोधा, कित्येक स्वस्त योजनांत ती नसतेच. असली तर ‘लाइफटाइम मॅक्सिमम’चा, म्हणजे त्या उपचारासाठी विमा आयुष्यभरात जास्तीत जास्त किती देईल त्याचा, आकडा पाहा. माझ्या मुलाच्या वेळी मी नुसतं ‘५० टक्के’ वाचून निर्धास्त झाले. खर्च ६,००० डॉलर, म्हणजे ३,००० मिळतील असा हिशेब मी कॅलेंडरच्या मागे मांडला होता. आयुष्यभराची मर्यादा १,५०० होती. तेवढेच मिळाले, आणि तेही उपचार चालू असताना थोडे थोडे करून. फार वाईट वाटलं होतं मला.

तुमच्या बाबतीत कळीचा मुद्दा थांबण्याच्या काळाचा, म्हणजे विमा घेतल्यावर तारांचे पैसे मिळायला लागेपर्यंतच्या काळाचा. काही योजनांत तो १२ महिने असतो. तो संपायच्या आत तारा बसवू नका. आधीच सुरू झालेला उपचार अनेक योजना धरत नाहीत. डॉक्टरांकडून विमा कंपनीला खर्चाचा अंदाज आधीच पाठवायला लावा, किती मिळेल ते लेखी येतं. तुमचे डॉक्टर नेटवर्कमध्ये, म्हणजे विमा कंपनीशी करार असलेल्या डॉक्टरांच्या यादीत, आहेत ना, तेही विचारा.

उरलेल्या रकमेसाठी ऑफिसात एफएसए (पगारातून औषधोपचारासाठी पैसे बाजूला ठेवायचं खातं) असेल तर त्यात पैसे ठेवा. त्यावर कर लागत नाही आणि तारांचा खर्च त्यात बसतो. आम्हाला खरा आधार त्याचाच झाला.