नवा निधी मागण्याआधी जुना करार बघा

तुम्ही विचारलंय की गावापासून तालुक्याच्या मोठ्या रस्त्यापर्यंतचा चार किलोमीटरचा डांबरी रस्ता चार वर्षांत उखडला, ग्रामपंचायत म्हणते आमच्याकडे पैसे नाहीत, तर राज्य सरकारचा निधी मागायचा कुणाकडे? जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागात शाखा अभियंता म्हणून बरीच वर्षं काढली, त्या जोरावर सांगतो. ग्रामपंचायत खोटं बोलत नाही. तो रस्ता बहुतेक तिचा नाहीच.

ग्रामपंचायतीचे म्हणजे गावातले अंतर्गत रस्ते. वेशीबाहेर पडलात की तो ग्रामीण मार्ग असतो नाहीतर इतर जिल्हा मार्ग, आणि हे दोन्ही जिल्हा परिषदेकडे. प्रमुख जिल्हा मार्ग आणि राज्यमार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडे. ही वर्गवारी १९४३ च्या नागपूर योजनेपासूनची आहे. त्यामुळे पहिलं काम म्हणजे जिल्हा परिषदेच्या तालुक्यातल्या बांधकाम उपविभागात जाऊन रस्त्याचा क्रमांक काढणं, 'ग्रामा अमुक' (ग्रामीण मार्ग) की 'इजिमा तमुक' (इतर जिल्हा मार्ग). क्रमांकच नसेल तर रस्ता योजनाबाह्य. त्याच्यावर खर्च टाकायला कुणी धजत नाही. आधी ग्रामसभेचा ठराव करून तो रस्ते विकास आराखड्यात घ्यायला लावावा लागतो. क्रमांक न लिहिलेले अर्ज आमच्याकडे ढिगाने यायचे, काहींना आमदारांचं शिफारसपत्रही जोडलेलं असायचं. फाइलला लागायचे आणि तिथेच राहायचे.

आता पैशाचं. सरकारी भाषेत पैसा लेखाशीर्षावर, म्हणजे कुठला खर्च कुठल्या खात्यावर टाकायचा त्या आकड्यावर चालतो. रस्ते आणि पुलांसाठी दोन आकडे लक्षात ठेवा: ३०५४ आणि ५०५४. पहिला महसुली खर्चाचा, म्हणजे मुख्यतः देखभाल-दुरुस्तीचा, दुसरा भांडवली, म्हणजे मुख्यतः नव्या बांधकामाचा. ऐकायला सोपं वाटतं, पण जिल्हा वार्षिक योजनेत ३०५४ खालीच 'ग्रामीण मार्ग विकास व मजबुतीकरण' अशीही कामं निघतात. म्हणजे शीर्ष दुरुस्तीचं आणि काम नव्या डांबराचं. या योजनेची यादी जिल्हा नियोजन समितीच्या निधीवर ठरते. पालकमंत्री तिचे अध्यक्ष, जिल्हाधिकारी सदस्य सचिव. याशिवाय ग्रामविकास विभागाचं २५१५ आहे, त्यातून लोकप्रतिनिधींनी सुचवलेली गावांतर्गत कामं होतात. गल्लीतला काँक्रीटचा रस्ता, सभामंडप वगैरे त्यातला. तुमच्या चार किलोमीटरला त्याचा फारसा उपयोग नाही.

पेट्रोलवर एवढा कर भरतो तो जातो कुठे, हा प्रश्न मला हमखास विचारला जातो. रस्त्यासाठी पेट्रोलवर अधिभार लावायची शिफारस मुकुंदराव जयकरांच्या समितीने १९२८ मध्येच केली आणि पुढच्या वर्षी केंद्रीय रस्ते निधी उभा राहिला. पण तो पैसा केंद्राकडे जमतो. खड्डे बुजवायला तो तुमच्या शिवारापर्यंत थेट पोहोचत नाही.

खरी मेख वेगळीच आहे. नव्या कामाचा नारळ फुटतो, फोटो येतो, फलक लागतो. गटार उपसल्याचं भूमिपूजन कोण करणार? म्हणून मजबुतीकरणाला पैसा निघतो आणि नेहमीच्या देखभालीला उरेल ते. पूर्वी ठरावीक लांबीवर मैलकुली असायचा. पावसाळ्याआधी साइडपट्टीवरचं गवत काढणं, चर मोकळे करणं, खड्डा टोपलीएवढा असतानाच बुजवणं ही त्याची कामं. मैलकुली निवृत्त झाले, जागा भरल्या गेल्या नाहीत. डांबराचा वैरी पाणी, हे कुणालाही माहीत आहे, पण साइडपट्टी रस्त्यापेक्षा उंच झाली की पाणी रस्त्यावरच तुंबतं हे पाहायला माणूस लागतो. काळ्या मातीच्या भागात तर एका पावसात कडा खचतात, आणि त्यावरून उसाच्या भरलेल्या ट्रॉल्या गेल्या की खेळ खलास.

तुमच्या प्रश्नातला 'चार वर्षं' हा शब्द मात्र मला महत्त्वाचा वाटला. रस्ता कोणत्या योजनेतून झाला होता? पंतप्रधान किंवा मुख्यमंत्री ग्रामसडक योजनेतला असेल तर काम पूर्ण झाल्यापासून पाच वर्षं देखभाल त्याच ठेकेदाराने करायची असते, आणि तो करार अजून जिवंत आहे. रस्त्याच्या सुरुवातीला फलक असेल, त्यावर काम पूर्ण झाल्याची तारीख आणि ठेकेदाराचं नाव पाहा. फलक गंजून पडला असेल तर माहिती अधिकारात कार्यारंभ आदेश, पूर्णत्वाचा दाखला आणि देखभालीच्या अटी मागा. दुसऱ्या शीर्षातून झालेल्या कामालाही दोषदायित्व कालावधी, म्हणजे बिघाड ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्त करायची मुदत असतेच, किती ते निविदेत लिहिलेलं असतं.

असं असताना घाईने नवा निधी मंजूर करून आणलात तर ठेकेदार आयता सुटला. असा एक प्रकार मी डोळ्यांसमोर पाहिलाय. मुदत संपायला आठ महिने बाकी असताना त्याच लांबीवर नवं अंदाजपत्रक बनलं, जुन्याची अनामत परत गेली, आणि गावाने ढोल वाजवून स्वागत केलं. मी टिपणी लिहिली होती. ती कुठे गेली ते विचारू नका.

मुदत खरंच संपली असेल तर अर्ज कार्यकारी अभियंत्यांच्या नावाने करा, प्रत तुमच्या गटाच्या जिल्हा परिषद सदस्याला द्या. सदस्य नसतील, प्रशासक असेल तर मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांना. अर्जात रस्त्याचा क्रमांक, कुठल्या किलोमीटरपासून कुठपर्यंत, मागचं काम कोणत्या वर्षी कोणत्या शीर्षातून झालं, एवढं आलंच पाहिजे. अंदाजपत्रकात गटार, मोऱ्या आणि साइडपट्टीचा मुरूम धरायला सांगा. नुसता कारपेट, म्हणजे वरचा डांबराचा पातळ थर घेतलात तर दोन पावसाळे निघतील. अर्ज मार्चच्या तोंडावर नाही, दिवाळीच्या आसपास घेऊन जा, तेव्हा पुढच्या वर्षाचा आराखडा शिजत असतो.