विभागीय पर्यावरण शिक्षण केंद्रात मुलीला पाठवावं का? तिथे खरंच काही शिकायला मिळतं का?

तुमची मुलगी ११ वर्षांची आहे, दर आठवड्याला एक दिवस असं वर्षभर तिला केंद्रात पाठवायचा विचार आहे, पण तिथे घोषणा, चित्रकला स्पर्धा आणि रोप लावतानाचे फोटो एवढंच असेल अशी शंका तुम्हाला वाटते. मी अशाच एका केंद्रात नऊ वर्षं ओढ्याचा गट सांभाळला आहे. केंद्र पाहायला जाल तेव्हा इमारतीवरून मत बनवू नका. मुलांच्या वह्या दाखवा म्हणा, आणि त्यातही तीन-चार वर्षांपूर्वीची एखादी मागा. ती मिळाली, तर मुलीला निःशंक पाठवा.

वही का, ते सांगते. आमचा गट दर महिन्याला ओढ्याच्या त्याच तीन ठिकाणी जायचा. एकाने जाळी प्रवाहाच्या आडवी धरायची, दुसऱ्याने तिच्या वरच्या बाजूला तीन मिनिटं पायाने दगड-गोटे हलवायचे. जाळीत आलेलं सगळं पांढऱ्या ट्रेमध्ये ओतायचं. पहिल्यांदा मुलांना नुसता गाळ दिसतो. मग गाळातली एक काडी चालायला लागते! ती असते कॅडिसफ्लाय या कीटकाची अळी, वाळूचे कण नाहीतर पानांचे तुकडे चिकटवून स्वतःभोवती घर बांधणारी. त्या क्षणी ट्रेभोवतीची सगळी बडबड थांबते. इतक्या वर्षांत याला अपवाद मला आठवत नाही.

मग मोजणी. स्टोनफ्लाय आणि मेफ्लाय या कीटकांच्या पाण्यात वाढणाऱ्या पिल्लांना भरपूर ऑक्सिजन लागतो, सांडपाणी मिसळलं की आधी तीच नाहीशी होतात. ट्युबिफेक्स नावाचे किडे आणि कायरोनोमिड या डासासारख्या कीटकांच्या लाल अळ्या मात्र टिकून राहतात, कारण त्यांच्या शरीरात आपल्यासारखंच हिमोग्लोबिन असतं आणि थोडक्या ऑक्सिजनवरही त्यांचं भागतं. बाटलीत भरलेलं पाणी त्या घटकेपुरतं सांगतं. हे जीव महिनोन्महिने त्याच पाण्यात राहिलेले असतात, त्यामुळे ते मागचंही सांगतात.

एका वर्षी खालच्या ठिकाणी मेफ्लाय एकदम कमी झाल्या. वरून कोणीतरी घाण सोडतंय, असं सगळ्यांनी ठरवूनच टाकलं आणि तक्रारीचं पत्र लिहायला घेतलं. पंधरा वर्षांचा एक मुलगा म्हणाला, आधी जुन्या वह्या काढू. त्यांत पाण्याचं तापमान दर वेळी लिहिलेलं होतं. खालच्या ठिकाणी ते आधीच्या वर्षांपेक्षा बरंच वाढलं होतं, तर वरच्या सावलीतल्या ठिकाणी आकडे जवळपास तेच होते. लाल अळ्या वाढलेल्या नव्हत्या, म्हणजे सांडपाण्याची खूणही नव्हती. मग काठाकडे बघितलं, तर तिथली झाडं आदल्या वर्षी तोडलेली. पाणी तापलं की त्यात ऑक्सिजन कमी मावतो: १० अंश सेल्सियसला लिटरमागे सुमारे ११ मिलिग्रॅम, ३० अंशांना जेमतेम साडेसात. सावली जाण्याचा आणि मेफ्लाय घटण्याचा संबंध मुलांनी स्वतः जोडला. पत्र फाडलं, आणि पुढच्या पावसात त्याच काठावर रोपं लावली. झाड कुठे आणि कशासाठी लावायचं, हे त्यांना कोणी सांगावं लागलं नाही.

हे एकेकट्या शाळेला जमणं अवघड असतं. वर्ग दरवर्षी बदलतो, शिक्षकांना अभ्यासक्रम पुरा करायचा असतो. विभागीय केंद्रात अनेक शाळांची, दहा ते अठरा वयाची मुलं एकत्र येतात. मोठी मुलं लहानांना जाळी धरायला शिकवतात आणि वही पुढे चालू राहते. पर्यावरण शिक्षणावरची पहिली आंतरसरकारी परिषद १९७७ मध्ये जॉर्जियातल्या तिबिलिसीला झाली. तिने ठरवलेल्या उद्दिष्टांत जाणीव आणि ज्ञानाबरोबर कौशल्य आणि सहभागही आहेत. बरीच केंद्रं जाणिवेपाशीच अडकतात, म्हणून मी वहीवर इतका भर देते.

आणखी दोन गोष्टी विचारा. पकडलेले जीव मोजून झाल्यावर त्याच जागी सोडतात का? सुरुवातीला आम्ही काही बरण्यांत भरून केंद्रात आणायचो. बहुतेक मरायचे, आणि मुलांना त्यात काही वावगं वाटेनासं झालं होतं. ते मला फार लागलं आणि आम्ही ते कायमचं बंद केलं. दुसरं, पाण्यापाशी किती मुलांमागे एक मोठं माणूस असतं? माझ्या मते आठ-दहांपेक्षा जास्त मुलं एकाकडे नसावीत.

अकराव्या वर्षी तिला पृथ्वीच्या विनाशावरची भाषणं ऐकवणारं केंद्र असेल तर थोडं थांबा. या वयात आधी ओळख होऊ दे. पहिल्या दिवशी जुने बूट आणि कपड्यांचा जास्तीचा जोड द्या, आणि संध्याकाळी तिची वही मागून बघा.