साकडं कुणी घालावं?

प्रश्न असा आला आहे: ‘अतिवृष्टीनंतर “पूरग्रस्तांसाठी तुळजाभवानीला साकडं” असा मथळा वाचला. साकडं घालणारे पुढारी होते. साकडं म्हणजे प्रार्थनाच ना? आणि नुसत्या साकड्यानं वाहून गेलेल्या सोयाबीनचं काय होणार, असं वाटलं तर दोष शब्दाचा की घालणाऱ्याचा?’

घालणाऱ्याचा. शब्द बिचारा चोख आहे.

साकडं म्हणजे मुळात संकट, पेच, कोंडी. संस्कृत ‘संकट’, प्राकृतात ‘संकड’, त्याचं मराठीत ‘साकडं’. ‘मोठं साकडं पडलं’ यात देव कुठंच नाही, फक्त अडचण आहे. ‘देवाला साकडं घालणं’ म्हणजे आपली अडचण देवाच्या गळ्यात अडकवणं: आता हा पेच तुझा, तूच सोडव. यात विनवणीपेक्षा गळ जास्त. प्रार्थनेला संकट लागत नाही. शाळेत रोज प्रार्थना होते, साकडं काही रोज घालत नाहीत.

त्यामुळं या शब्दात एक अट न सांगता बसलेली आहे. घालणाऱ्याचे स्वतःचे उपाय संपलेले असावे लागतात.

मराठवाड्यात पावसानं ओढ दिली की काही गावांत महादेव कोंडतात, ते यासाठी बघण्यासारखं आहे. गाभाऱ्यातून पाणी बाहेर जायची वाट बुजवायची आणि पिंड बुडेपर्यंत घागरींनी पाणी ओतायचं. देव गुदमरला की पाऊस पाडील, ही समजूत. पण पाणी आणायचं ते तळ गाठलेल्या विहिरीतून, शेंदून, डोक्यावर. वाट नीट बुजली नाही तर पाणी झिरपतं, पिंड उघडी पडते आणि पुन्हा खेपा सुरू. म्हणजे ज्याला आपण ‘नुसतं देवावर सोडणं’ म्हणतो, त्यातही गावाची कंबर मोडते. पेरणी झालेली, बियाणं-खत मातीत गेलेलं, आता माणसाच्या हातात आभाळ तेवढं नाही. इथं साकडं शंभर टक्के बसतं. पाऊस त्यानं पडतो का, हा वेगळा प्रश्न. शब्द मात्र जागेवर आहे.

‘देव पाण्यात घालणं’ हा वाक्प्रचार याच कुळातला. घरात देव्हाऱ्यातल्या मूर्ती पाण्यात ठेवतात. आता तो ‘उमेदवारीसाठी देव पाण्यात घालून बसलेत’ असा चेष्टेनं येतो. चेष्टा देवाची नाही, त्या ‘बसलेत’ची आहे. ‘असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी’ ही म्हणही खाटल्यावरच बोट ठेवते, हरीवर नाही.

आता पुढाऱ्याकडं या. पंचनामे कधी सुरू व्हायचे, मदतीचा निर्णय कधी निघायचा, हे ज्याच्या हातात, त्याचे उपाय संपलेले नसतात. त्यानं मनोभावे प्रार्थना जरूर करावी. ‘साकडं’ म्हटलं की मात्र आपल्याच टेबलावरची फाईल देवीकडं सरकवल्यासारखं होतं. २०१६ च्या दुष्काळात लातूरकरांनी घातलेलं साकडं खरं होतं, कारण नळाला पाणीच नव्हतं. १२ एप्रिलला मिरजेहून दहा वाघिणींत सुमारे पाच लाख लिटर पाणी घेऊन पहिली रेल्वे आली, ती कुणीतरी वाघिणी धुऊन, भरून पाठवली म्हणून. भरणाऱ्यानं साकडं घातलं असतं तर लातूरकर हसले असते, आणि ते हसूही कडू असतं.

माणूस गेल्यानंतर साकडं चालत नाही. मागण्यासारखं काही उरलेलं नसतं. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपातल्या मृतांना दरवर्षी श्रद्धांजली वाहतात. तिथं ‘प्रार्थना’ योग्य, आणि तिला कृतीची जोड नसली तरी ती पोकळ ठरत नाही. ढिगाऱ्याखाली माणसं जिवंत असताना बाहेरच्यांनी फक्त प्रार्थना करणं निराळं.

‘नवस’ही साकड्याच्या जागी वापरू नये. नवसात बोलणाऱ्याच्या अंगावर देणं असतं. काम झालं की तो फेडावा लागतो, मग तुळजापूरला लोटांगण असो की जोगवा. साकड्यात फेड नाही. मथळेवाल्यांना ते बहुधा म्हणूनच सोयीचं.

वापराच्या ठरलेल्या चुका: साकडं ‘मागत’ नाहीत, ‘घालतात’. देवा‘ला’ साकडं, पण देवा‘चा’ धावा. ‘देवाचा धावा केला’ यात धावायचं देवानं. ‘देवीकडं धाव घेतली’ यात धावणारे आपण. ‘ग्रामस्थांचं जिल्हाधिकाऱ्यांना साकडं’ हे मला चालतं, कारण अर्ज-निवेदनं थकल्यावरच लोक तिथवर जातात. पहिल्याच निवेदनाला साकडं म्हणू नये. ‘जिल्हाधिकाऱ्यांचं देवीला साकडं’ असा मथळा आला तर उपसंपादकानं तो बदलून ‘देवीचं दर्शन घेतलं’ एवढंच छापावं.